घरी बांधलेल्या विमानाचं कॉकपिट: नीट बसणं, हातपाय पोचणं आणि त्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. जिथं एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय. पुढं जिथं जिथं "पोचतं का बघा" म्हटलंय तिथं बेल्ट घट्ट लावून, पायात उडताना घालता ते बूट आणि डोक्यावर हेडसेट ठेवून बघायचं, नाहीतर बघण्याला काही अर्थ नाही.

१. सुरुवात कुठून करू, सीटपासून, पेडलपासून की स्टिकपासून?

डोळ्यांपासून. तुमचे डोळे कुठल्या उंचीवर असले तर विमानाच्या नाकावरून पुढचं नीट दिसतं आणि डोकंही कॅनोपीला (वरच्या पारदर्शक झाकणाला) लागत नाही, ते आधी ठरवायचं. त्यावरून सीटची उंची आणि पाठीचा कोन ठरतो, मग पेडल (पायानं शेपटीवरचा रडर आणि चाकांचे ब्रेक चालवायचे), मग स्टिक (हातानं विमान वर-खाली आणि कलतं करायचा दांडा), मग थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करायचा), आणि बाकीची बटणं-नॉब सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात, म्हणजे आधी पॅनेल झोकात बनवतात, स्टिक बसवतात आणि शेवटी कुशन आणून टाकतात, मग त्या दोन इंचाच्या कुशनमुळं आधी जमवलेलं सगळं बिघडतं. सीट हलली की प्रत्येक कंट्रोलचं अंतर बदलतं, म्हणून बूड आणि डोळे एकदा पक्के झाल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

२. प्लॅनप्रमाणेच बांधतोय, मग वेगळं माप घ्यायची काय गरज?

कारण प्लॅन कुणाच्या तरी अंगाच्या मापानं काढलेला असतो आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा डिझायनर स्वतःच असतो. मोठ्या प्रवासी विमानांना अमेरिकी नियम सांगतो की ५ फूट २ इंच ते ६ फूट ३ इंच उंचीच्या पायलटला बेल्ट लावून सगळे कंट्रोल पूर्ण हलवता आले पाहिजेत. होमबिल्टला, म्हणजे घरी बांधलेल्या विमानाला, असली काही हमी नसते. छोट्या विमानांच्या जुन्या सर्टिफिकेशन नियमांतसुद्धा माणूस १७० पौंडांचा, म्हणजे साधारण ७७ किलोचा धरलेला होता, आता आपल्यातले किती जण तेवढे आहेत ते ज्याचं त्यानं बघावं.

प्लायवूड, पुठ्ठा, जुना पाइप, जे हाताशी असेल त्याचं कॉकपिट जमिनीवर उभं करा, बाजूच्या भिंती आणि कॅनोपीची रेघसुद्धा धरून, आणि त्यात सलग तास-दीड तास बसा. पाच मिनिटं बसलं तर कुठलीही सीट बरी वाटते. नुसती उंची मोजून भागत नाही, कारण सारख्याच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात आणि दुसऱ्याचं धड. बसल्यावर सीटपासून डोक्यापर्यंत, पाठीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत आणि खांद्यापासून मुठीपर्यंत, ही चार मापं घेतली की बरंचसं कळतं.

३. पेडल किती लांब हवं?

एक पेडल पूर्ण आत ढकललं आणि त्याच पायानं ब्रेकही पूर्ण दाबला तरी गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर पेडल लांब आहे, तेवढ्यापुरतं पोचलं तरी जोर लावताना बूड सीटवरून सरकतं आणि जोर वाया जातो. जोर लागतो तेव्हा खरंच लागतो, जुन्या छोट्या विमानांच्या नियमांत रडरवर थोड्या वेळापुरता १५० पौंडांपर्यंत जोर चालतो असं धरलेलं आहे, म्हणजे ६८ किलोच्या आसपास.

दुसरी बाजू लोक विसरतात. एक पेडल आत गेलं की दुसरं तुमच्याकडे येतं आणि त्या पायाचा गुडघा वर उचलला जातो. तो पॅनेलच्या खालच्या कडेला लागतो का, नडगी कशाला घासते का, आणि वर आलेली मांडी स्टिकच्या वाटेत येते का हे बघा (मांडीचं प्रश्न १० मध्ये आहे). पेडल फार जवळ असलं तर हाच त्रास होतो, शिवाय तासाभरानं गुडघे बोलायला लागतात.

४. टॅक्सी करताना ब्रेक आपोआप लागतो, पॅड गरम होतात. बूट बदलू का?

बूट बदलून फरक पडेल पण दुखणं पेडलच्या कोनात आहे. टाच जमिनीवर टेकलेली असताना चवडा पेडलच्या खालच्या नळीवर यायला हवा आणि ब्रेकसाठी पाय मुद्दाम वर सरकवावा लागला पाहिजे. पेडलची वरची बाजू तुमच्याकडे जास्त झुकलेली असेल तर रडर देताना बोटं आपोआप ब्रेक दाबतात. ब्रेक पेडल थोडं पुढं झुकवा. लँडिंगला एक ब्रेक आधीपासून दाबलेला असणं, त्यातून टेलड्रॅगर (तिसरं चाक शेपटीखाली असलेलं विमान) असेल तर, फार महागात पडतं.

५. माझे पाय पोचत नाहीत. पाठीमागं कुशन टाकू, पेडलवर ब्लॉक लावू की पेडलच हलवू?

पेडल हलवणं सगळ्यात चांगलं. पाठीमागं जाड कुशन टाकलं की पायांचं काम होतं पण अख्खा माणूस पुढं येतो, मग स्टिक पोटाशी येते, थ्रॉटलचा कोपर मागं जातो आणि मागच्या बाजूला जे काही असेल ते हाताबाहेर जातं (प्रश्न १४ जरूर वाचा). शिवाय मऊ कुशन असेल तर टेकऑफच्या धक्क्यानं ते दबतं आणि तुम्ही मागं जाता, ऐन त्या वेळी पेडल लांब होतं.

ब्लॉक चालतात पण ते पेडलच्या नळीवर दोन बाजूंनी बोल्टनं आवळलेले हवेत, फिरता किंवा सरकता कामा नयेत आणि पूर्ण रडर दिल्यावर फ्रेममध्ये, शेजारच्या पेडलमध्ये किंवा केबलमध्ये अडकता कामा नयेत. ॲडजस्टेबल पेडल बनवत असाल तर प्रत्येक पोझिशनला पिन आरपार बसली पाहिजे, दोन्ही पेडल एकाच भोकात आहेत हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आणि प्रत्येक पोझिशनला रडर आपल्या खऱ्या स्टॉपला जाऊन टेकतो का ते बाहेर माणूस उभा करून बघायचं. घरात एक उंच आणि एक बुटका असे दोन पायलट असतील तर मला हाच मार्ग पटतो, सीट एका जागी पक्की आणि पेडल हलणारं.

६. सीट ५ सेंटीमीटर मागं घेतली तर सीजीला (विमानाच्या गुरुत्वमध्याला) काही होतं का?

होतं. ८० किलोचा माणूस ५ सेंटीमीटर मागं गेला तर मोमेंट ४०० किलो-सेंटीमीटरनं बदलला, विमान एकूण ६०० किलोचं असेल तर सीजी साधारण पावणेसात मिलिमीटर मागं गेला. ऐकायला कमी वाटतं, पण छोट्या होमबिल्टची सीजी रेंज मुळात अरुंद असते आणि मागच्या टोकाजवळ एकेक मिलिमीटर मोलाचा असतो. पाठ जास्त कलती केली तरी धड मागं जातं, म्हणजे सीटचे बोल्ट जागेवरच असूनसुद्धा सीजी हलतो. म्हणून असा बदल केला की नुसतं गणित न करता विमान वजनकाट्यावर ठेवून, त्यात माणूस बसवून परत मोजा.

७. गाडीसारखी सरकणारी सीट लावली तर सगळेच प्रश्न सुटतील ना?

काही सुटतील आणि एक मोठा तयार होईल. टेकऑफच्या वेळी सीटचा लॉक निसटला तर तुम्ही मागं जाता आणि हातात धरलेली स्टिक सोबत घेऊन जाता, नाक वर, वेग कमी, जमीन जवळ. सेसना कंपनीच्या विमानांत असं सीट घसरणं इतकं गंभीर मानलं गेलं की एफएएनं (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) १९८७ मध्ये सीट रेलच्या तपासणीचा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा आदेश) काढला. एका मोठ्या कारखान्याच्या सीटचं हे झालं, मग गॅरेजात बनवलेल्या रेलवर मी भरवसा ठेवणार नाही. लावायचीच असेल तर दोन्ही बाजूंना लॉक, रेलच्या टोकाला वेगळा स्टॉप, आणि टेकऑफआधीच्या चेकलिस्टमध्ये सीट हलवून बघणं.

८. कुशनला कुठला फोम घेऊ?

सोफ्याचा फोम नको. तो बसल्या बसल्या छान वाटतो, अर्ध्या तासात हाडं तळाला लागतात, आणि जोरात आदळलं तर जास्तच वाईट, कारण मऊ फोममधून माणूस वेग घेऊन खाली जातो आणि मग कडक सीटपॅनवर थांबतो, तो सगळा मार मणक्यावर येतो. म्हणजे जाड मऊ कुशन हे काही वेळा कुशन नसण्यापेक्षा वाईट.

विमानाच्या सीटसाठी हळू दबणारा मेमरी फोम मिळतो, कॉन्फोर या नावाचा बऱ्याच जणांना माहीत आहे. हळू वजन टाकलं तर तो अंगाचा आकार घेतो, झटका बसला तर कडक होतो आणि परत उसळत नाही. तो वेगवेगळ्या कडकपणाचा येतो, कडक थर खाली आणि मऊ वर अशी रचना करायची. मात्र थंडीत तो लाकडासारखा होतो आणि अंगाची ऊब लागली की सैल पडतो, त्यामुळं हिवाळ्यात सकाळी बसाल तेव्हाची उंची आणि वीस मिनिटांनंतरची उंची यात फरक पडतो. पोचण्याची मापं फोम दबल्यानंतरची धरा आणि डोक्याची मोकळी जागा फोम दबण्याआधीची.

आगीचं पण बघा. होमबिल्टला सक्ती नसली तरी विमानासाठी जळण्याची टेस्ट पास झालेला फोम आणि कापड घ्या, स्वस्त पॉलियुरेथेन पेटलं की जो धूर होतो त्यात बंद कॅनोपीखाली काही सेकंदसुद्धा काढवत नाहीत.

९. एका तासानंतर बूड बधिर होतं आणि कंबर धरते. फोम तर महागाचा आहे!

मग फोमचा दोष नाही, आकाराचा आहे. आधी मागच्या खिशातलं पाकीट काढा, खरंच सांगतोय. मग बघा मांडी कुठवर टेकते. सीटची पुढची कड खाली असेल तर सगळं वजन बसण्याच्या दोन हाडांवर येतं, पुढची बाजू थोडी उचलली की ते मांडीवर पसरतं, पण फार उचलली तर गुडघ्यामागची नस दाबली जाते आणि पूर्ण रडर देताना मांडी अडते, तेव्हा कडेला मऊ गोलाई ठेवा. माकडहाडाखाली फोममध्ये खाच काढली की पुष्कळ लोकांचं अर्धं दुखणं जातं.

कंबरेचा आधार पट्ट्याच्या उंचीवर किंवा किंचित वर हवा, त्याहून वर गेला तर तो पाठ पुढं ढकलतो. टॉवेलची गुंडाळी करून दोन-तीन फ्लाइट वेगवेगळ्या उंचीवर ठेवून बघा आणि मगच फोम कापा. गुंडाळी पाठीला बांधलेली हवी, सुटी पडून स्टिकच्या बुडाशी गेली तर भलतंच होईल.

१०. स्टिक मांडीला लागते, कापून लहान करू का?

करता येते पण आधी गणित. पिव्हटपासून (स्टिक ज्या बिंदूवर फिरते तिथून) मुठीच्या मध्यापर्यंत ४५ सेंटीमीटर आहे आणि तुम्ही ५ कापले, तर उरले ४०, म्हणजे त्याच कामाला साडेबारा टक्के जास्त जोर लागणार आणि हाताची हालचाल साधारण ११ टक्के कमी होणार. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) तेवढाच फिरतो, पण हाताच्या थोड्या हालचालीत जास्त फिरतो. आधीच पिचमध्ये (नाक वर-खाली होण्यात) चपळ असलेलं विमान यानं आणखी चुळबुळं होतं. एलेरॉन (विमान कलतं करणारे पंखांवरचे भाग) जड असलेल्या विमानात मात्र जोरच खटकतो.

म्हणून न कापता बघायची युक्ती अशी, की मूठ आहे तशी राहू द्या आणि एखादी फ्लाइट खाली नळीला धरून उडवा, अर्थात उंचीवर, लँडिंगला नाही. पटलं तर थोडं थोडं कापा, एकदम नको. वरच्या मुठीत बटणं असतील तर वायरी आधी मोकळ्या करा, आणि नवीन मूठ बटणांसकट किती उंच आहे ते मोजा, कापलेलं सगळं जाड मुठीनं परत भरून काढलेलं मी बघितलंय.

मांडीच अडत असेल तर बऱ्याचदा वाकवलेली स्टिक बरी, ती मांडीच्या पुढून वर येते आणि मुठीपर्यंतचं अंतर फारसं कमी होत नाही. नळी घरी थंडच वाकवायला जाऊ नका, पिचकते. दोघांच्या मध्ये एकच वाय आकाराची स्टिक, जशी झेनिथ सीएच ६०१ मध्ये असते, तो आणखी एक मार्ग, पण तो बांधतानाच ठरवायचा. आणि बदल काहीही असो, फिरणाऱ्या जोडावर नायलॉनचा सेल्फ-लॉकिंग नट नको, तिथं कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्यातून आरपार जाणारी कॉटर पिनच.

११. स्टिक पूर्ण मागं घेतली की पोटाला किंवा बेल्टच्या बकलला टेकते. थोडंसंच अडतं, चालेल का?

नाही. शेवटचे ते दोन सेंटीमीटर लागतात फ्लेअरला (टेकण्याआधी नाक वर घेताना), पुढं दोघं बसलेले आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे) खाली असताना, म्हणजे सीजी पुढं असताना, आणि नेमकं तेव्हाच ते नसतात. एलेव्हेटरनं आपल्या स्टॉपला टेकायचं, तुमच्या पोटाला नाही. बकल बहुतेक वेळा मांडीपट्टा नीट न आवळल्यामुळं वर आलेलं असतं, आणि पाचवा पट्टा (मांड्यांमधून वर येणारा) असेल तर तो बकल खाली धरतो, पण जाड गोल बकल असेल तर स्वतःच अडतो. तपासताना स्टिक नुसती मागं-पुढं नाही तर चारही कोपऱ्यांत न्या, मागं-डावीकडे, मागं-उजवीकडे, पुढच्या दोन्ही, आणि त्याच वेळी एकेक पेडल पूर्ण दाबून. जाड जॅकेट घालून आणि मांडीवर नीबोर्ड (कागद-नकाशाची पाटी) बांधूनही.

१२. साइड स्टिक (बाजूला बसवलेली स्टिक) लावली तर मांडी, पोट, नकाशा सगळंच सुटेल की?

लाँग-ईझी या होमबिल्टमध्ये ती छान चालते कारण ते विमानच तसं डिझाइन केलंय, कलती सीट, हलके फोर्स. एफ-१६ या लढाऊ विमानाचं उदाहरण देऊ नका, तिथं सीट ३० अंश कलती आहे खरी पण स्टिकमागं कॉम्प्युटर आहे, तुमच्याकडे पुशरॉड (नुसती ढकलणारी-ओढणारी दांडी). साइड स्टिक आखूड असते, म्हणजे प्रश्न १० मधलं गणित अजून कडक लागू होतं, शिवाय फक्त मनगटाचा जोर मिळतो आणि दुसऱ्या हातानं मदत करता येत नाही. आर्मरेस्टशिवाय तर विचारच नको. मधल्या स्टिकच्या डिझाइनमध्ये नंतर साइड स्टिक घुसवणं म्हणजे नवी कंट्रोल सिस्टिम डिझाइन करणं, आरामासाठीचा बदल नव्हे.

१३. थ्रॉटल कुठं असावा?

कोपर टेकलेला आणि खांदा सैल असताना पूर्ण पुढं जाईल तिथं. हात लांब करून खांदा बेल्टमधून ओढावा लागत असेल तर गो-अराउंडला (लँडिंग सोडून परत वर जाताना) तुम्ही पूर्ण पॉवर देणार नाही. फ्रिक्शन लॉक हवाच, हात काढल्यावर थ्रॉटल मागं सरकता कामा नये. ट्रिमचं (स्टिकवरचा सततचा जोर काढणारी सोय) बटण स्टिकवर घेतलं तर छान सोय होते, पण ट्रिम आपोआप पळाला तर तो तोडायचा स्विच दुसरीकडे, हाताच्या टप्प्यात ठेवा.

१४. फ्युएल सिलेक्टर (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा नळ) थोडा मागं आहे पण वळून पोचतं. एवढं पुरे ना?

पुरे नाही, आणि याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. १२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ लाँग-ईझी उडवताना समुद्रात कोसळून गेला. त्या विमानाच्या बांधणाऱ्यानं सिलेक्टर प्लॅनप्रमाणे पायलटच्या पायांमध्ये न ठेवता डाव्या खांद्याच्या मागं बसवला होता. तिथं पोचायला अंग फिरवावं लागायचं, आणि एनटीएसबीच्या (अमेरिकेची अपघात तपास संस्था) तपासात दिसलं की असं वळताना उजवा पाय साहजिकच उजव्या रडर पेडलवर दाबला जातो. उडण्याआधी हँडल लांब करायला पकड लावून बघितली होती, तिचाही उपयोग झाला नव्हता.

म्हणजे प्रश्न "पोचतं का" एवढाच नाही, पोचताना बाकीचं अंग काय करतं हा आहे. डोळे मिटून, बेल्ट आवळून, स्टिक न हलवता आणि हात न बदलता सिलेक्टर फिरवता आला पाहिजे, आणि कुठल्या टाकीवर आहे ते हाताला कळलं पाहिजे. हीच परीक्षा कॅनोपीच्या कडीला, मास्टर स्विचला आणि फ्युएल पंपाला लावा.

१५. कुशनमुळं वर आलो, आता खांद्याचे बेल्ट ठीक आहेत का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि सगळ्यांनी विचारावा असा आहे. खांद्याचा पट्टा खांद्यावरून मागं जाताना आडव्या रेषेपेक्षा साधारण ५ अंश खाली ते ३० अंश वर एवढ्यात असावा. तुम्ही दोन इंच वर आलात की मागचा हुक तुमच्या खांद्याच्या तुलनेत दोन इंच खाली गेला. हुक खूप खाली असेल तर धडकेत पट्टा खांदे मागं धरण्याऐवजी खाली दाबतो आणि मणका चेपतो. मांडीपट्टा साधारण ४५ ते ५५ अंशांत खाली-मागं जाऊन ओटीपोटाच्या हाडांवर बसायला हवा, पोटावर नाही. सीट जास्त कलती असेल तर माणूस पट्ट्याखालून पुढं निसटायची भीती असते, तिथं पाचवा पट्टा उपयोगी. हुकची जागा बदलायची असेल तर ती फ्रेमच्या मजबूत भागाला, पातळ पत्र्याला नाही.

१६. डोकं कॅनोपीला लागतं, पण कुशन काढलं तर दिसत नाही.

पाठ थोडी कलती करा, डोकं खाली येतं आणि मागं जातं, मात्र सीजी आणि पेडल परत तपासा (३ आणि ६). हेडसेटचा पट्टा पातळ घेतला तरी थोडी जागा मिळते. हेडसेटच्या वर निदान दोन इंच मोकळे ठेवा, कारण टर्ब्युलन्समध्ये बेल्ट ताणला जातो आणि डोकं वर जातं. डोळ्यांची उंची बदलली की फ्लेअरला दिसणारं चित्रही बदलतं, पहिल्या काही लँडिंगला विमान उंचावर आहे की खाली याचा अंदाज चुकतो, तेव्हा ती लांब रनवेवर आणि शांत हवेत करा.

१७. पायात गार वारा येतो, वर ऊन भाजतं. काय करू?

वारा बहुतेक स्टिकच्या आणि पुशरॉडच्या भोकांतून येतो, तिथं मऊ कापडाचं किंवा पातळ चामड्याचं आवरण लावा, पण इतकं सैल की पूर्ण हालचालीत ते स्टिकला मागं ओढणार नाही. फायरवॉलची (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) भोकं मात्र आरामासाठी नाही, कार्बन मोनॉक्साइडसाठी बंद करा, कॉकपिटमध्ये दाब कमी असतो आणि एक्झॉस्टचा वायू आत ओढला जातो. हीटर असेल तर डिटेक्टर लावाच. उन्हाला कॅनोपीच्या आतून सरकता पडदा, आणि हवा आत घ्यायला व्हेंट आहे तसं बाहेर जायलाही जागा द्या, नाहीतर कितीही मोठा व्हेंट लावा, वारा येत नाही.

१८. असा बदल केला तर परवानगी, टेस्ट वगैरे लागतं का?

कुशन बदललं तर साधारण नाही, कंट्रोल सिस्टिम, सीटची जागा किंवा बेल्टचे हुक बदलले तर बहुतेक हो. देशानुसार नियम वेगळे, यूकेमध्ये एलएएकडून (लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन) मॉडिफिकेशन मंजूर करून घ्यावं लागतं, अमेरिकेत मोठा बदल असेल तर विमान परत टेस्ट फेजमध्ये जातं. तुमच्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशनमध्ये काय लिहिलंय ते वाचा आणि लॉगबुकात नोंद करा, कापलेल्या स्टिकची लांबीसुद्धा.

१९. पॅराशूट घालून एरोबॅटिक्स करतो, नेहमीचं कुशन काढावं का?

पाठीचं पॅराशूट असेल तर पाठीचं कुशन काढा, सीटचं असेल तर खालचं, म्हणजे जागा जवळपास तीच राहते. पण "जवळपास" वर विसंबू नका, पॅराशूट घालून प्रश्न ११ मधली चार कोपऱ्यांची तपासणी वेगळी करा. उलटं लटकल्यावर बेल्ट ताणून तुम्ही सीटपासून वर उचलले जाता, तेव्हाही पेडल आणि पुढं ढकललेली स्टिक हातापायात राहिली पाहिजे. आणि बाहेर पडायचा सराव जमिनीवर करा, कुठला पट्टा, कुठली वायर अडकते ते तिथंच कळतं.

२०. शेजारी पॅसेंजर बसतो, त्याच्यासमोर पण स्टिक आहे. काढून ठेवू?

काढता येण्यासारखी असेल तर हो. नवख्या माणसाची मांडी, कॅमेरा, जॅकेटची बाही, काहीही स्टिकच्या वाटेत येतं आणि ते तुम्हाला तुमच्या बाजूला कळतं, स्टिक अडल्यावर. काढल्यावर उरलेल्या बुंध्याला टोपी लावा म्हणजे त्यात पेन पडणार नाही, बुंधा आखूड ठेवा म्हणजे त्यावर बॅग अडणार नाही, आणि काढलेली स्टिक मागं सुटी टाकू नका, बांधा. पॅसेंजरच्या बाजूचे पेडल काढता येत नसतील तर पाय कुठं ठेवायचे ते इंजिन सुरू करण्याआधी दाखवा आणि एकदा पूर्ण रडर मारून बघा, त्याच्या बुटासकट.